केसभर पोट

दिनानाथ परबांना वाकडं खपत नसे आणि सरळ सहसा कुठे सापडत नसे, त्यामुळे निवृत्तीनंतरची सात वर्षं त्यांची मोठ्या मजेत, म्हणजे कुरकुर करण्यात गेली होती. सोसायटीच्या नव्या लिफ्टचं दार एका बाजूला पाच मिलिमीटर कललंय, हे त्यांनी उद्घाटनाच्या दिवशी नारळ फुटायच्या आत पाहुण्यांना दाखवून दिलं होतं. हॉटेलात इडली यायच्या आधी टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी जायची. त्यांची बायको वैजयंती म्हणायची, "देवाने यांच्या कपाळात पाणसळ बसवून पाठवलीय. दुसऱ्याचं जरा कललं की यांचा बुडबुडा हलतो."

त्यांचंही फार चुकत होतं असं नाही. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांवर असे बसवायचे की मधून उजेडाची रेघसुद्धा जाता कामा नये, हे त्यांचं काम. पुढे कारखाना बंद पडला, त्या जागी काचेची इमारत आली, आणि दिनानाथांनी तिथल्या लिलावातून एक काळी ग्रॅनाइटची सरफेस प्लेट जुईनगरच्या घरी आणली. हिच्यापेक्षा सपाट वस्तू अख्ख्या नवी मुंबईत नाही, असा त्यांचा दावा होता. एकदा वैजयंतीबाईंनी गॅलरीतल्या त्या प्लेटवर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या, तेव्हा नवरा चार दिवस बोलला नाही. ते चार दिवस बाई अजून आठवून सांगतात, सुखाचे म्हणून.

असा माणूस मुलीच्या धंद्यावर खूश असेल कसा? अबोली त्यांची एकुलती एक. वय एकतीस, शिक्षण इंजिनिअरिंगचं, चांगली नोकरी होती. दोन वर्षांपूर्वी ती सोडून तिने तळवली गावात गोटीराम म्हात्र्यांच्या इमारतीत तळमजल्याचा गाळा घेतला आणि भारी कॉम्प्युटर जुळवून द्यायला लागली. घरी गेम खेळायचे नव्हेत. ॲनिमेशनवाले, इमारतींची चित्रं काढणारे, दिवसरात्र ज्यांची मशीन घाम गाळतात त्यांच्यासाठी. दिनानाथांच्या मते हा सगळा प्रकार म्हणजे बाजारातून खोकी आणायची, उघडायची आणि चार स्क्रू आवळायचे. लग्नकार्यात कोणी विचारलं, "मुलगी काय करते?" तर ते सांगायचे, "स्क्रू आवळते."

आणि आता हैदराबादहून नोकरीचं पत्र आलं होतं. मोठी कंपनी, मोठी जागा. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. अबोलीने स्वतःशी हिशेब साधा ठेवला होता. वाशीत सुनीती कर्णिक नावाच्या बाई नव्या इमारतींच्या फिल्म्स बनवणारा स्टुडिओ चालवत, त्यांना बारा मशीन हवी होती. पहिलं मशीन शनिवारी त्या स्वतः येऊन तपासणार होत्या. पास झालं तर बाराही अबोलीची, दुकान उभं राहिलं. नापास झालं तर गाळ्याला कुलूप आणि हैदराबाद.

"अगो, मशीन पास होवो नाहीतर नापास, तू हैदराबाद घेच," दिनानाथ रोज जेवताना सांगत. "पीएफ, मेडिकल, दारात कंपनीची बस. काय कमी आहे?"

अबोली मान खाली घालून भात कालवायची. आणि ताट उचलून झालं की दिनानाथ गॅलरीत जाऊन उभे राहायचे. खरं सांगायचं तर मुलगी जाणार या विचाराने त्यांना घास जात नव्हता. दोन आठवडे ते अर्धपोटी झोपत होते. पण चांगल्या नोकरीला नको म्हणणं त्यांच्या तोंडाला माहीतच नव्हतं, त्यामुळे तोंड आपलं 'जा, जा' म्हणत राहिलं.

शनिवारच्या तपासणीला पाच दिवस असताना, सोमवारी दुपारी घरी एक पार्सल आलं. तळवलीच्या गल्ल्यांत कुरिअरवाला हमखास हरवायचा, म्हणून अबोली महत्त्वाचा माल जुईनगरच्या पत्त्यावर मागवायची. पार्सलात कूलर होता. कूलर म्हणजे पाण्याचा नव्हे. प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो तो, वर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा गठ्ठा, दोन पंखे, आणि खाली तांब्याचा जाड ठोकळा. प्रोसेसर तापला की त्याची उष्णता या तांब्यातून वर चढते आणि पंखे ती उडवून लावतात. अबोलीने खोकं उघडून बघितलं, तांब्यावरचा संरक्षक स्टिकर जागेवर आहे याची खात्री केली आणि खोकं टेबलावर ठेवलं. प्रोसेसर बुधवारी यायचा होता. तोवर कूलर घरीच राहणार होता. इथेच घात झाला.

अबोली दुकानात गेल्यावर दिनानाथांनी सहज, अगदी सहज तो कूलर उचलला. स्टिकर नखाने सोलला. खिशातली पोलादी पट्टी तांब्यावर उभी धरली आणि डोळ्याजवळ नेली. पट्टीच्या दोन्ही टोकांखालून उजेड दिसत होता.

"वैजयंती! अगो इकडे ये! बघ, तांब्याला पोट आहे!"

"कोणाला?"

"तांब्याला! मधे फुगलंय, कडेला खाली गेलंय. केसभर. याला काय माल म्हणतात?"

वैजयंतीबाईंनी पट्टीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि त्या कणीक मळायला निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "ठेवा तो खाली. तिचा आहे."

पण दिनानाथांना आता चैन पडेना. शनिवारी मुलीची परीक्षा, आणि हातात हे असलं पोटाळ तांबं! या गोष्टीत तरी आपण तिला काहीतरी देऊ शकतो, असं त्यांना दोन वर्षांत पहिल्यांदाच वाटलं. मायेने म्हणा, सवयीने म्हणा, त्यांनी गॅलरीतली सरफेस प्लेट पुसली, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर पाण्याने चिकटवला, आणि कूलर उलटा धरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा घासायला सुरुवात केली. सोमवारची दुपार गेली, मंगळवारची सकाळ गेली. पोट उतरत गेलं. शेवटी पट्टी लावली तर खालून उजेडाचा कण नाही, आणि तांब्यात त्यांना स्वतःच्या मिशीचा पिकलेला केस न केस दिसला. एवढं सुरेख काम त्यांनी निवृत्तीनंतर केलं नव्हतं. त्यांनी स्टिकर असा परत लावला की कंपनीलासुद्धा ओळखू आला नसता, आणि खोकं होतं तसं ठेवलं. मुलीला सांगायचं नाही, मशीन पास झालं की मग सांगायचं, असं ठरवून ते चहा प्यायले.

बुधवारी रात्री जेवताना अबोली म्हणाली, "आई, या वेळच्या कूलरची फिनिश काय भारी आलीय! खालचं तांबं आरशासारखं."

दिनानाथांनी आमटीची वाटी तोंडाला लावली आणि वाटीआड हसले. वैजयंतीबाईंनी ते हसू बघितलं, पण कारण त्यांना कळलं नाही.

गुरुवारी मात्र पोरगी घरी आली ती चेहरा उतरवून. मशीन सुरू होत होतं, पण काम दिलं की पाच मिनिटांत तापून पंच्याण्णव अंशांवर जायचं आणि मग स्वतःला वाचवायला चाल मंद करायचं. तिने तीनदा कूलर काढून परत बसवला. प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधे लावायची पांढरी पेस्ट तिन्ही वेळा नव्याने लावली. वाशीचे वामनशेठ, ज्यांच्याकडून माल यायचा, त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "मॅडम, तांब्याखालचा स्टिकर काढला होता ना?"

"मला विचारतात, स्टिकर काढला का!" अबोली उसळली. "दोनशे मशीन जुळवलीत मी!"

दिनानाथांना ठसका लागला. वैजयंतीबाईंनी पाणी पुढे केलं.

"बदलून द्यायला आठ दिवस लागतील म्हणतात," अबोलीने ताट पुढे सरकवलं. "शनिवारी सुनीतीमॅडम येणार. संपलं सगळं."

या वेळी 'हैदराबाद घे' म्हणायची नामी संधी होती, पण दिनानाथांच्या डोक्यात तांबं घोळत होतं. आपण सपाट केलेला तांब्याचा तुकडा जगात कुठल्याही सपाट वस्तूवर चिकटून बसला पाहिजे, याबद्दल त्यांना शंका नव्हती. मग गरम का होतंय? खोट दुसऱ्या बाजूला असणार. स्क्रू आवळण्यात असणार. रात्रभर ते कुशीवर कुशी बदलत राहिले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी कपाटातून जुनी चपटी डबी काढली. डबीत गडद निळा, तेलकट रंग होता. टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग खरोखर कुठे टेकतात हे बघायचं तर एकावर या रंगाचा पातळ हात द्यायचा, दुसऱ्यावर दाबायचा आणि उचलायचा. निळं उमटलं तिथे टेकलं, कोरं राहिलं तिथे नाही. वाद मिटला. डबी, पोलादी पट्टी आणि स्क्रेपर नावाची धारदार पात्याची मूठ पिशवीत घालून ते तळवलीला पोचले.

गाळ्याच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गोटीराम म्हात्रे बसले होते. पांढरा शुभ्र सदरा, डोक्याला पूर्ण टक्कल. एके काळी इथे त्यांची भाताची खाचरं होती. आता त्यांची इमारत होती, आणि भाडेकरूंच्या गाळ्यांत बसून गप्पा मारणं हाच त्यांचा उद्योग. अबोलीवर त्यांचा विशेष जीव.

"या परबमास्तर," ते म्हणाले. "पोरगी सकालपासून रुसून बसलीय. पानीसुदा प्याली नाय."

आत टेबलावर मशीन उघडं पडलं होतं. कूलर काढून बाजूला ठेवलेला. प्रोसेसर बघून दिनानाथ चाट पडले. त्यांना वाटलं होतं नखाएवढा असेल. हा चांगला क्रीमच्या बिस्किटाहून मोठा, वर चंदेरी धातूचं झाकण.

"बघा बाबा," अबोली म्हणाली. बाप दुकानात आला याचं आश्चर्य करायचंही त्राण तिच्यात नव्हतं. "झाकणावर पेस्ट सगळीकडे पसरलीय. कोपऱ्यांपर्यंत. म्हणजे कूलर नीट टेकतोय. तरी गरम."

दिनानाथांनी बोट पेस्टवरून फिरवलं. कडेला ती इतकी पातळ की खालचा धातू दिसत होता. मधे मात्र पावावर लोणी लावावं तशी जाड.

"जाड लावलीस," ते म्हणाले. "जाड लावलं की सगळंच जुळलेलं दिसतं. पुस हे. दोन्ही साफ कर."

तिने स्पिरिटने दोन्ही पुसलं. दिनानाथांनी डबी उघडली, निळा रंग बोटाच्या टोकावर घेतला आणि तांब्यावर इतका पातळ पसरला की तांब्याचा रंग फक्त जरासा काळवंडला.

"बाबा, तो प्रोसेसर आहे! तुमचा लेथ नाही!"

"पुसलं की जातं. धर त्या बाजूने. सरळ खाली. दाब. हलवू नको. उचल."

दोघांनी मिळून कूलर उचलला. गोटीरामही खुर्ची सोडून आत आले. तिघांची डोकी चंदेरी झाकणावर वाकली.

कडेने निळं गोल कडं उमटलं होतं, आणि मधे सगळं कोरं. टक्कल पडलेल्या डोक्यासारखं. गोटीरामांचा हात आपोआप स्वतःच्या टाळूवर गेला.

दिनानाथांनी पट्टी झाकणावर उभी धरली. मध्यभागी खालून उजेड येत होता. "या झाकणाला मधे खळगा आहे," ते म्हणाले. "केसभर. हाच डिफेक्ट!"

"डिफेक्ट नाही बाबा, तो असतोच. एवढं मोठं झाकण सॉकेटमध्ये कडेने दाबून लॉक केलं की मधे जरा बसतं. म्हणून तर कूलरच्या तांब्याला मुद्दाम मधे फुगवटा ठेवतात. खळग्यात बरोबर बसतो."

"मुद्दाम?"

"हो. या लाइनमधल्या सगळ्यांना माहीत असतं." तिने बापाच्या हातातली पट्टी घेतली, तांबं पुसून त्यावर धरली, आणि तिचे डोळे चमकले. "हे बघा! याला फुगवटाच नाही! पूर्ण सपाट! म्हणजे माल खराब आहे, आणि ते मला स्टिकर विचारतायत! थांबा, आता वामनशेठना दाखवतेच."

तिने फोन लावला. पलीकडे घंटी वाजू लागली.

दिनानाथ उभे होते तिथेच उभे राहिले. सोमवारची दुपार, मंगळवारची सकाळ, मिशीचा केस न केस. जे पोट त्यांनी एवढ्या मायेने उतरवलं होतं, तेच तर कामाचं होतं. कुणीतरी दूरदेशी विचार करून, मोजून, ते केसभर तांबं तिथे ठेवलं होतं, आणि दिनानाथ परबांनी ते अडाण्यासारखं घासून टाकलं होतं. आता नुसतं गप्प राहायचं होतं. शिव्या वामनशेठ खाणार होते. मुलीला कधीच कळणार नव्हतं. टूलरूमचे परब तिच्या नजरेत होते तिथेच राहणार होते, आणि ती हैदराबादला जाणार होती.

"हॅलो? हां वामनशेठ, अबोली बोलतेय, ऐका आता नीट—"

"फोन ठेव," दिनानाथ म्हणाले.

"एक मिनिट बाबा."

"अबोली, ठेव. त्याला पोट होतं. मी काढलं."

फोनमधून वामनशेठ "मॅडम, स्टिकर…" असं काहीतरी म्हणत होते. अबोलीने तो कट केला.

"कधी?"

"सोमवारी दुपारी. आणि मंगळवारी सकाळी. पॉलिश पेपरने. प्लेटवर."

"मला न विचारता?"

"तुला बरं वाटावं म्हणून…" दिनानाथांनी डबीचं झाकण लावलं. "मला वाटलं, वाकडं आहे."

"दोन वर्षांत तुम्ही माझ्या कामाला पहिल्यांदा हात लावलात," अबोली म्हणाली, "आणि तोही असा!" तिचे डोळे भरले. ती पाठ फिरवून उभी राहिली. गोटीरामांनी एकदा बापाकडे आणि एकदा लेकीकडे बघितलं, आणि "मी चा सांगून येतो" म्हणून शहाण्या माणसासारखे बाहेर सटकले.

"ड्रॉइंग बघितल्याशिवाय जॉबवरून मटेरियल काढायचं नाही," दिनानाथ तिच्या पाठीला सांगू लागले. "पहिल्या दिवशी पोरांना हेच शिकवायचो. असं कोणी केलं असतं ना टूलरूममध्ये, तर मी त्याला गेटबाहेर काढला असता."

"मग काढू का तुम्हाला?"

दिनानाथ खरोखरच पिशवी उचलून दाराकडे निघाले. पायरीपर्यंत पोचले तेव्हा अबोलीने वळून बघितलं, आणि रागातही तिला हसू आवरेना.

"बसा हो बाबा. रुसायचा हक्क माझा आहे, तुमचा नाही. परत पोट आणता येईल का त्याला?"

दिनानाथ पायरीवर थांबले. "गेलेलं तांबं परत येत नाही," ते म्हणाले. मग हळूहळू वळले. "पण मधलं तसंच ठेवून कडा खाली नेता येतील. खळगा जसा आहे तसाच, त्याच्या मापाने. निळं लावायचं, दाबायचं, उमटेल तेवढं खरवडायचं, परत लावायचं. वेळ लागेल."

"किती?"

"हात चालला तर संध्याकाळपर्यंत."

"मग चालवा. पण खरवडायचं ते बाहेरच्या टेबलावर. तांब्याचा एक कण जरी माझ्या बोर्डवर पडला तर सगळं जळेल."

"बरं," दिनानाथ म्हणाले. मुलीचा हुकूम त्यांनी असा निमूट कधी ऐकला नव्हता.

दुपारी एकला काम सुरू झालं. कूलर मांडीवर उलटा घेऊन दिनानाथ स्क्रेपरने कडेचं तांबं सोलत, केसाहून बारीक सालं निघत. मग ते पुसून आत देत. अबोली निळं लावी, झाकणावर दाबी, उचली, ठसा बघून सांगे, "डावा कोपरा अजून उंच. खालची कड ठीक. मधे दोन ठिपके आले!" झाकण स्पिरिटने पुसून ती परत तयार. पहिल्या चार वेळा तिने रंग जाड लावला म्हणून दिनानाथ ओरडले. पाचव्या वेळी तिने असा लावला की त्यांनी तांबं तिरपं धरून बघितलं आणि काही न बोलता परत दिलं. टूलरूममध्ये याला शाबासकी म्हणत.

तेलकट निळं ते. एकाच्या बोटाला लागलं की पाच जणांना लागतं. अबोलीच्या कपाळावर आलं, चहाच्या कपांवर आलं, आणि गोटीरामांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर तर पाचही बोटं उमटली.

"आवं, या सदऱ्यावर हलदीला जायचा हाय मना!" ते ओरडले. "मालती घरात घेनार नाय!"

त्यांच्या मालतीबाईंनी मात्र घरात घेतलंच, वर तिघांसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी पाठवली. दिनानाथांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. दोन आठवड्यांत एवढं जेवण त्यांना गेलं नव्हतं.

सोळाव्या वेळी अबोलीने कूलर उचलला तेव्हा झाकणावर कडेपासून मध्यापर्यंत बारीक निळे ठिपके सारखे पसरले होते. पावणेसात वाजले होते. दिनानाथांच्या मनगटाला कळ लागली होती. अबोलीने निळं पुसलं, पेस्ट लावली, या वेळी अगदी पातळ, आणि कूलर बसवून मशीन चालू केलं. तिघं पडद्यावरच्या आकड्याकडे बघत राहिले. साठ. सत्तर. शहात्तर. अठ्ठ्याहत्तर. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. अठ्ठ्याहत्तर ते अठ्ठ्याहत्तरच.

"गार पडला रं!" गोटीराम म्हणाले आणि त्यांनी निळा हात दिनानाथांच्या पाठीवर मारला.

शनिवारी अकरा वाजता सुनीती कर्णिक आल्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. सोबत त्यांनी आपल्या स्टुडिओतलं सगळ्यात जड काम आणलं होतं. ते मशीनला लावून त्या दोन तास खुर्चीत बसून राहिल्या. दिनानाथ कोपऱ्यात स्टुलावर, जणू परीक्षा त्यांचीच. आकडा अठ्ठ्याहत्तर, एकदा एकोणऐंशी, परत अठ्ठ्याहत्तर. दोन तासांनी सुनीतीबाई म्हणाल्या, "एवढा मोठा प्रोसेसर मी इतका थंड कधी बघितला नाही. काय केलंत?" मग त्यांची नजर अबोलीच्या नखांतल्या निळ्याकडे गेली.

अबोलीने सांगितलं. निळं कसं लावतात, ठसा कसा बघतात, तांबं हाताने कसं जुळवलं. आदल्या दिवसाचा पहिला भाग तिने शिताफीने वगळला.

"आणि हे केलं कोणी?"

"माझ्या बाबांनी. टूलरूममध्ये होते."

सुनीतीबाईंनी वळून दिनानाथांकडे बघितलं, आणि त्या नजरेतला आदर बघून म्हाताऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "मला बाराही मशीन अशीच हवीत," त्या म्हणाल्या. "हाताने जुळवलेली."

अबोलीने बापाकडे बघितलं. नुसतं हो म्हटलं की काम झालं होतं. दिनानाथांनी घसा साफ केला.

"बाई, खोटं कशाला बोलू? याची गरज नाही. कंपनीचा कूलर मुळात बरोबर होता. त्याचं पोट मी अक्कल पाजळून पॉलिश पेपरने घासून टाकलं, म्हणून मशीन तापलं, म्हणून परत जुळवावं लागलं. फार तर एखाद-दोन अंशांचा फरक पडेल. बाकीचे अकरा आहेत तसेच लावा. चूक माझी होती. ती तर मला काढायला निघाली होती."

गोटीरामांनी डोळे मिटून घेतले. सुनीतीबाईंनी दिनानाथांकडे बघितलं, मग अबोलीकडे.

"बाकीचे अकरा कंपनीचे आहेत तसेच लावा," त्या म्हणाल्या. "पण प्रत्येकावर ते निळं लावून बघायचं, आणि ठशाचा फोटो मला पाठवायचा. तपासणी हे करतील." त्या उठल्या. "फक्त यांच्या हाताला पॉलिश पेपर लागू देऊ नका."

गाडी तळवलीच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत अबोली दारात उभी होती. मग आत येऊन खुर्चीत धपकन बसली आणि हसत सुटली. गोटीराम तोंड गोड करायला म्हणून एपीएमसी बाजारातून आंबे आणायला निघाले, पण दारातच रेंगाळले. त्यांना पुढचं ऐकायचं होतं.

"हैदराबादला काय ते कळवून टाकते," अबोलीने लॅपटॉप पुढे ओढला.

दिनानाथांच्या जिभेवर पीएफ आणि मेडिकल तयारच होतं. त्यांनी ते गिळलं. स्टूल ओढून ते तिच्यासमोर बसले आणि एकतीस वर्षांत जे विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"तुला काय करायचंय?"

अबोलीची बोटं थांबली. "मला इथेच राहायचंय," ती म्हणाली. "मशीन नापास झालं असतं तरी राहायचं होतं. पण तुम्ही रोज 'जा, जा' करत होतात. मला वाटलं, मी डोळ्यांसमोर नकोच आहे तुम्हाला."

दिनानाथांनी स्टूल आणखी पुढे ओढलं.

"अगो वेडे," ते म्हणाले, "तू जाणार म्हणून दोन आठवडे मला अन्न गोड लागलं नाही."

"मग बोलला का नाहीत?"

दारातून गोटीराम म्हणाले, "आता तरी बोला की मास्तर. कोन आडवतोय?"

"नको जाऊ," दिनानाथ म्हणाले. आणि एकदा म्हणून त्यांचं समाधान झालं नाही, म्हणून तिचा निळा हात धरून त्यांनी पुन्हा म्हटलं, "नको जाऊ."